सागाची पानगळ आणि पाण्याचे रंग

मार्च निम्मा सरला की चंद्रपूर–मूल रस्त्यावर लोहारा मागे पडताच दोन्ही बाजूंचा साग उघडा पडलेला दिसतो. खाली वाळक्या पानांचा थर, वर राखाडी खोडांची दाटी आणि मध्येच पेटलेला एखादा पळस. जलरंगाची पेटी घेऊन या रस्त्याच्या कडेला कुणी बसलं, तर पेटीतल्या निम्म्या रंगांना त्या दिवशी कामच नसतं. सॅप ग्रीन नको, व्हिरिडियन नको. आकाश पांढुरकं झालेलं असतं, म्हणून सेरुलियनही नको. लागतात ते मातकट, करडे, जळके रंग, आणि तेही पाण्यात पातळ केले की या खोडांचा कोरडेपणा हरवतो. अशा वेळी पेटी मिटून कोळशाची कांडी हातात घ्यावी लागते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नोकरीधंदा सांभाळून चित्रं काढणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. शाळांतले चित्रकला शिक्षक, बँकेतले आणि कोळसा खाणींतले कर्मचारी, वनरक्षक, कॉलेजची मुलं. त्यातल्या बहुतेकांनी कलाशाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आमची सुरुवात एकाच दारातून झाली: कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. तालुक्याच्या शाळेतली बाकं, पाण्याचा डबा आणि कॅमलच्या रंगांची पेटी. १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग पुढे सिरोंचापर्यंतच्या स्टेशनरीच्या दुकानात पोचले. या राज्यातल्या किती मुलांच्या बोटांना पहिला रंग त्यांनीच लावला असेल!

परीक्षा संपल्यावर पुढे शिकायचं कुणाकडून, हा खरा प्रश्न. पुस्तकं होती, छापील चित्रं होती. मराठी जलरंगाची परंपरा मोठीच आहे. कोल्हापूरच्या कोटितीर्थाकाठी राहणारे आबालाल रहिमान, सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर, गोदावरीचे घाट रंगवणारे नाशिकचे शिवाजी तुपे, आणि आजच्या पिढीला हात धरून शिकवणारे पुण्याचे मिलिंद मुळीक. पण या परंपरेतलं निसर्गचित्र बरंचसं पश्चिमेकडचं आहे. त्यात घाट आहे, समुद्र आहे, कौलारू घरं आणि ओलं हवामान आहे. पूर्व विदर्भातल्या पानगळीच्या जंगलाचं निसर्गचित्र कसं करायचं, हे त्यात फारसं सापडत नाही. ते इथल्या माणसाला इथेच, करून करून शिकावं लागतं. आणि शिकता शिकता त्याच्या लक्षात येतं की जलरंग, गुआश आणि चारकोल यांतलं कोणतं माध्यम घ्यायचं ते इथे आपण ठरवत नाही, चालू महिना ठरवतो.

जलरंगाचं गणित पाण्याच्या सुकण्यावर चालतं. रंगाची भुकटी डिंकात बांधलेली असते. पाणी तिला कागदावर पसरवतं आणि उडून जातं. मधल्या काही मिनिटांत चित्रकार जे करेल ते चित्र. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४७-४८ अंशांवर जातो, तेव्हा ही मिनिटं उरतच नाहीत. आकाशाचा वॉश डावीकडून सुरू करावा, तर उजवीकडे पोचेपर्यंत डावी कड सुकून तिथे रेघ उमटलेली असते. यावर सगळ्यांनी शोधलेले उपाय थोड्याफार फरकाने सारखेच: सकाळी सहा ते आठ एवढंच बसायचं, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर किंवा प्लॅस्टिकच्या पाट्यावर चिकटवायचा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकायचे. ग्लिसरीन किंवा मध हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि हाताला थोडा वेळ मिळवून देतो.

जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं उलटं होतं. वॉश तासन् तास ओलाच राहतो. दुसरा थर द्यायला जावं तर पहिला खालून उठून येतो. कपाटातल्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि त्या ठिपक्यांवर पुढे रंग डाग धरतो. पण हाच काळ ओल्यावर ओलं काम करण्याचा. धानाची रोवणी चालू असते, बांध्यांमध्ये आकाश उतरलेलं असतं. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, भरून वाहतात, आणि पलीकडचं जंगल एका ओल्या निळ्या-हिरव्या पट्ट्यापुरतं उरतं. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी हा सगळा पट्टा तेव्हा जलरंगासाठीच केल्यासारखा असतो. वैनगंगेवरचं नोव्हेंबर-डिसेंबरचं धुकंही तसंच. कागदाचा पांढरा तसाच सोडायचा आणि काठाची एक रेघ ओढायची, एवढ्यावर नदी उभी राहते.

आता डिंकाबद्दल. जलरंगात परंपरेने गम अरेबिक वापरतात. ते आफ्रिकेतल्या एका बाभळीच्या जातीपासून मिळतं. आपल्या जंगलात धावड्याचा डिंक आहे. इथले लोक तो गोळा करतात, बाजारात विकतात, आणि हिवाळ्यात बाळंतिणीच्या लाडवांत तो असतो. जगाच्या बाजारात त्यालाच गम घट्टी म्हणतात आणि अनेक ठिकाणी तो गम अरेबिकऐवजी वापरला जातो. त्यापासून रंग बांधता येतो. स्वच्छ, फिक्या पिवळ्या रंगाचे खडे निवडून रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. ते पूर्ण विरघळत नाहीत, म्हणून सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायचे. जो दाटसर द्रव मिळतो त्यात थोडं ग्लिसरीन, बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचा एखादा थेंब, आणि मग काचेवर गेरूची वस्त्रगाळ भुकटी घेऊन काचेच्याच बत्त्याने गोल गोल घोटत राहायचं. सुरुवातीला भुकटी पाणी धरत नाही, गोळ्या होतात. घोटत गेलं की खरखर आवाज कमी होत जातो आणि रंग एकदम रेशमासारखा सरकू लागतो. डिंक जास्त झाला तर सुकल्यावर थर तडकतो, कमी झाला तर बोट फिरवताच रंग निघून येतो. बाजारात चांगल्या ट्यूब मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. ज्याने एकदा रंग स्वतः घोटला आहे, त्याला ट्यूबमधला रंगही नीट कळतो, हे माझं त्यावरचं उत्तर.

पळसाच्या फुलांचा रंग मात्र वापरू नये. होळीला तो सुंदर दिसतो, कागदावरही पहिले काही आठवडे देखणा असतो, पण उजेडात तो उडून जातो. गेरू, पिवळी माती, काजळी टिकतात. लेण्यांतल्या भिंतींनी ते सिद्ध केलेलंच आहे.

ताडोबात जाऊन चित्रं काढता का, हा प्रश्न चंद्रपूरच्या प्रत्येक हौशी चित्रकाराला बाहेरगावचे लोक विचारतात. १९५५ साली जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. पण सफारीत जिप्सीतून उतरायला मनाई असते आणि गाडी सतत हलत असते. पाणवठ्यावर थांबली तरी शेजारी चार कॅमेऱ्यांची घाई असते. तिथे ईझल मांडून बसण्याची कल्पना विसरावी. तिथे उपयोगी पडतं ते शाळेतलं स्मरणचित्र. छोट्या वहीत पेन्सिलीने चार खुणा करायच्या: बांबूचा झुकाव, सावलीची दिशा, सांबराच्या मानेची रेघ, उजेड कुठून आला ते. उरलेलं डोळ्यांत साठवून घरी येऊन त्याच संध्याकाळी कागदावर उतरवायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर छायाचित्रं पाहण्याचा मोह होतो, आणि मग पाहिलेलं जंगल बाजूला पडून कॅमेऱ्याचं जंगल चित्रात येतं. इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर सगळ्यांना कंटाळवाणा वाटायचा. इथे त्याची किंमत कळते.

वाघाचं चित्र काढू नये असं मी म्हणणार नाही. या जिल्ह्याने वाघ रंगवून नावही कमावलं आहे. २०१८ साली रेल्वेने देशभरातल्या सुशोभित स्थानकांची स्पर्धा घेतली, तेव्हा पहिला क्रमांक बल्लारशाह आणि चंद्रपूर या जोडीला मिळाला, दहा लाख रुपयांचं बक्षीस मिळालं. चित्रांसाठी ओळखलं जाणारं मधुबनी आणि मदुराई ही स्थानकं दुसऱ्या क्रमांकावर राहिली. फलाटाच्या भिंतींवर वाघ, जंगल, आदिवासी जीवन आलं आणि गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला बघायला चित्र मिळालं. ही लहान गोष्ट नाही. पण त्यानंतर शाळेच्या भिंतीपासून हॉटेलच्या दर्शनी भागापर्यंत सगळीकडे वाघाचा तोच चेहरा, तीच समोर रोखलेली नजर उमटत गेली. वाघ ज्या गवतातून चालतो ते गवत, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल, उन्हाळ्यात पांढऱ्याफटक अंगाने उभी असलेली कडई, चैत्रात लालभडक पालवी फुटलेला कुसुम, यांची चित्रं कुणी काढायची? ती विकली जाणार नाहीत हे खरं. पण हौशी माणसाला विकायचं नसतंच. जे कुणी मागत नाही ते काढण्याची मोकळीक त्याच्याकडेच असते.

व्यंकटेश माडगूळकर या बाबतीत मला फार जवळचे वाटतात. लेखक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. रेखाटनंही ते आयुष्यभर करत आले. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांच्या रेखाटनांत प्राणी पोझ देत नाही. मोजक्या रेघांत त्याचं चालणं, वळून बघणं, बिचकणं येतं. रेघ कमी आणि निरीक्षण जास्त, हे प्रमाण त्यांना जमलं होतं.

उघड्या जंगलात बसण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात, दरवर्षी मरतात. पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बायकांना घर चालवायचं असतं, म्हणून त्या जातात. चित्रकाराला तशी कसलीच सक्ती नाही. त्याने एकट्याने झुडपांत, कागदात डोकं घालून बसू नये. गावाच्या शिवेवर, बांधावर, चार माणसांच्या नजरेत बसावं. गडचिरोलीत सुरक्षेच्या कारणाने आणखी एक पथ्य पाळावं लागतं: पूल, चौकी, छावणी रेखाटू नये, आणि गावात शिरण्याआधी गावातल्या जाणत्यांना आपण काय करतो ते दाखवावं. वही दाखवली की मुलं भोवती जमतात, आणि म्हातारी माणसं बैल चुकलाय की बरोबर आहे ते सांगतात.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, गुआशचे दिवस येतात. धान कापणीला आलेलं असतं, मंडया (गावजत्रा) भरतात, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि रात्री नाटकं. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे, तारखा ठरतात त्या तिथे. या रंगभूमीसाठी आयुष्य दिलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मला या रंगभूमीत ओढ आहे ती पडद्यांची. जंगलाचा पडदा, दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा. कापडावर अपारदर्शक, मॅट रंग सपाट भरायचा, सुकला की त्यावर फिका किंवा गडद हात मारायचा, आणि विजेच्या प्रखर उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही झाड झाड दिसलं पाहिजे. पडदा रंगवणाऱ्या पेंटरांचं हे कसब म्हणजे अवाढव्य आकारातलं गुआशच.

गुआशमध्ये डिंक तोच, पण रंगद्रव्य जास्त आणि बहुधा खडूसारखी पांढरी भुकटी मिसळलेली. त्यामुळे खालचं झाकलं जातं. जलरंगात उजेड कागदाचा असतो, इथे तो वरून लावायचा असतो. रात्रीचं, दिव्यांचं, गर्दीचं चित्र जलरंगात करणं जिकिरीचं. गुआशमध्ये काळसर निळा कागद घेऊन थेट उजेडापासूनच सुरुवात करता येते. एक खोड मात्र ध्यानात ठेवावी लागते: फिक्या छटा सुकल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा फिक्या. पेट्रोमॅक्सच्या पिवळ्यासाठी जो रंग ओला असताना बरोबर वाटतो तो सकाळी मळका दिसतो. म्हणून कागदाच्या कडेला प्रत्येक मिश्रणाचा ठिपका आधी सुकवून पाहायचा. ट्यूबमधलं गुआश महाग पडतं, तेव्हा बाटलीतल्या पोस्टर कलरवर भागवणारे आमच्यात बहुसंख्य आहेत, आणि त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांनी आणि एस. एम. पंडितांच्या कॅलेंडरांनी सपाट, अपारदर्शक रंगाचं वैभव मराठी घराघरांत पोचवलं. दलालांनी १९४५ मध्ये सुरू केलेला ‘दीपावली’ अंक ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारीच्या मध्यापासून वनखात्याचा आगीचा हंगाम सुरू होतो. जाळरेषा त्याआधी तयार झालेल्या असतात. तरी आग लागतेच. ती शेंड्यांपर्यंत जात नाही, वाळल्या पानांतून जमिनीलगत सरपटते, आणि मागे काळी जमीन व बुंध्यापासून हातभर काळवंडलेली खोडं सोडते. या दृश्याला चारकोलशिवाय दुसरं माध्यम मला सुचत नाही. जळालेल्या लाकडानेच जळालेलं लाकूड काढायचं.

चारकोलच्या कांड्या घरी करता येतात. युरोपात त्यासाठी विलोच्या फांद्या घेतात. विदर्भात तुराट्या आहेत. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठीही तुराट्यांचाच कोळसा वापरत, कारण तो हलका आणि एकसारखा होतो. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ तुराट्या सोलून, एकसारख्या कापून, पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि डबा चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवायचा. भोकातून आधी पांढरी वाफ येते, मग पिवळट धूर, तोही हळूहळू कमी होतो. धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. घाई करून झाकण उघडलं तर हवा लागताच आतल्या कांड्या पेटतात. बाभळीसारखं कठीण लाकूड घेऊ नये, त्याचा कोळसा कागद ओरखडतो. तुराटीची कांडी कागदावर मऊ चालते, बोटाने पसरते आणि पावाने खोडून उजेड काढू देते. पाव हे कलाशाळांतलं जुनं खोडरबर. शिळ्या पावाचा मऊ भाग मळून घेतला की तो कोळसा टिपून घेतो.

मार्कंड्याच्या मंदिरांसमोर चारकोल घेऊन बसावं. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते, तिथे हा मंदिरसमूह आहे. भिंतीवर मूर्तींच्या ओळी आहेत, काही भाग वीज पडून ढासळलेला. दुपारचं ऊन डोक्यावर आलं की मूर्तींचे चेहरे सपाट होतात. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर मात्र उजेड आडवा येतो आणि एकेक गुडघा, एकेक कमरपट्टा सावलीतून सुटा होतो. पूर्ण मंदिर कागदावर घ्यायला जाऊ नये. एकच मूर्ती घ्यावी आणि तिची फक्त सावली काढावी.

चंद्रपूर शहरालाही चारकोल शोभतो. २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, दुर्गापूरची उघडी खाण, इरईकाठची राख, हिवाळ्यात धुरात विरघळणारी जटपुरा गेटची कमान. जटपुरासह गोंड राजांच्या परकोटाच्या चार वेशींवर आजही शहराची वाहतूक अडते आणि सुटते. हवा वाईट आहे, आणि तिचं चित्र सुंदर येतं. ही गोष्ट मला आनंद देत नाही. पण ते करडेपण कागदावर नोंदलं गेलंच पाहिजे, कारण या शहराची फुप्फुसं त्यातच आहेत.

कागदाचा विषय इथे टाळता येत नाही. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ मध्ये स्थापन झालेली. या भागातल्या बांबूवर तिने देशाला छापण्या-लिहिण्याचा कागद पुरवला. तोच बांबू गावकऱ्यांना विकता येत नव्हता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ड्रॉइंगचा जाड कागद या मिलचा नसतो, तो कापसाचा असतो आणि नागपूरहून मागवावा लागतो. पण कच्चं रेखाटन ज्या साध्या कागदावर होतं, त्यामागे हा बांबू आणि हा झगडा आहे.

अलीकडे आमच्याकडे ठिपक्या-रेषांची ‘गोंड चित्रं’ काढण्याची लाट आली आहे. जंगल जिल्हा म्हणजे गोंड, आणि गोंड म्हणजे ती शैली, असं समीकरण झालं आहे. ती शैली १९८०च्या दशकात मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांच्या हातून, भोपाळच्या भारत भवनात घडली. ते परधान गोंड होते. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासींची कला वेगळी आहे. ती लाकडात, गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक घराच्या, कोरीव खांबांत, मृतांसाठी उभ्या केलेल्या दगडांत, बांबूच्या विणीत आहे. जनगढांचे ठिपके गडचिरोलीच्या नावावर खपवणं हा दोघांवरही अन्याय आहे. हौशी चित्रकाराने माडियांचा खांब पाहावा, त्याचं रेखाटन करावं, खाली गावाचं नाव लिहावं. त्याची नक्कल करून स्वतःची सही करू नये.

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात हेमेटाइट आहे, म्हणजे लोहखनिज. रंगाच्या ट्यूबवर जे इंडियन रेड, लाइट रेड लिहिलेलं असतं, तेही लोहाचं ऑक्साइडच. हा डोंगर माडियांच्या ठाकुरदेवाचा. गेल्या काही वर्षांत तिथे उत्खनन सुरू झालं आणि आष्टी-आल्लापल्ली रस्त्याच्या कडेची झाडं लाल धुळीने माखू लागली. आल्लापल्लीचं ‘वनवैभव’ २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालं. त्याच्या आसपासच्या सागाच्या पानांचा रंग आता दोन प्रकारे काढावा लागतो, पावसानंतरचा आणि पावसाआधीचा.

म्हणून माझा एक आग्रह आहे, आणि तो मी भेटेल त्या प्रत्येक चित्र काढणाऱ्याला सांगतो. कागदाच्या मागे लिहा. तारीख, वेळ, गावाचं नाव, नदीच्या कोणत्या काठावर बसलात, समोर कोणती झाडं होती, आग नुकतीच लागून गेली होती का, ट्रक जात होते का. ज्या बोडीचं चित्र काढलं ती पुढल्या वर्षी बुजलेली असू शकते. ज्या टेकडीची कड रेखाटली ती उरणार नाही, असंही होऊ शकतं. चित्र चांगलं जमलं नसलं तरी ही नोंद खोटी ठरत नाही. मात्र ही टिपणं पेन्सिलीनेच करावीत. पेनची शाई पहिल्याच पावसाळ्यात दमट कागदातून पुढच्या बाजूला उतरते आणि आकाशात डाग पडतो.